गेमकट्टा : सोपा हंटर सोडून वॉरिअर घेऊ का?

या वेळी आलेल्या पत्रांतली तीन एकाच विषयाभोवती फिरतायत, अवघड क्लास (म्हणजे कॅरेक्टरचा प्रकार) घ्यावा की नाही, म्हणून तीच घेतलीत. पहिल्यानेच बरीच जागा खाल्लीय.

प्रश्न : दादा, मी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक खेळतो. हंटर शेवटच्या ६० लेव्हलपर्यंत नेला, फारसा कुठे अडकलो नाही, आणि आता खरं सांगायचं तर कंटाळा आलाय, पेट (पाळीव प्राणी) मार खातो आणि मी लांबून बाण सोडत बसतो एवढंच चालू आहे. नवीन कॅरेक्टर काढायचंय आणि मुद्दाम अवघड क्लास घ्यायचाय, डोक्यात वॉरिअर (जवळून लढणारा योद्धा) आहे. गिल्डमधले (गेममधल्या माझ्या गटातले) म्हणतात वेडा आहेस का, ४० पर्यंत रडशील. त्यातला एक म्हणतो घ्यायचाच तर सरळ हार्डकोअर रेल्मवर (एकदा मेलं की कॅरेक्टर कायमचं संपतं अशा सर्व्हरवर) घे. काय करू? — कंटाळलेला हंटर, नाशिक

उत्तर : गिल्डवाले खोटं बोलत नाहीयेत, रडशीलच. पण कशाने रडशील ते त्यांनी सांगितलेलं दिसत नाही, आणि घ्यायचा की नाही हे त्यावरच ठरतं.

हंटरची मॅना, म्हणजे जादूची ताकद, लढाईच्या आधीच भरलेली असते. वॉरिअरची रेज, म्हणजे खास वार मारायला लागणारी ताकद, शून्यापासून सुरू होते, मार दिला की येते, मार खाल्ला की येते आणि लढाई संपली की गळायला लागते. आता यातली गोम बघ, जितकं डॅमेज जास्त तितकी रेज जास्त, म्हणजे हातातलं शस्त्र जुनं झालं की एकतर फटका हलका बसतो आणि वर रेजही कमी मिळते, दुष्काळात तेरावा महिना. त्यात भर म्हणजे नवीन प्रकारचं शस्त्र हातात घेतलं की त्याचं स्किल १ पासून चढवावं लागतं, आतापर्यंत तलवार चालवली आणि क्वेस्टमध्ये (गेमने दिलेल्या कामगिरीत) छान दोन हाती गदा मिळाली म्हणून लगेच घेतली तर पहिली काही मिनिटं नुसती हवेत फिरवणं चालू असतं, मिस, मिस, मिस. स्वतःला बरं करायचा स्पेल नाही. बँडेज आणि भाकरतुकडा, बस्स. तुझा पेट मेला तर तू त्याला परत उठवायचास, इथे मेलास तर भूत होऊन पळत स्वतःच्या मढ्यापाशी यायचं.

माझं मत विचारशील तर ३० पर्यंतचा वॉरिअर अवघड नसतो, गरीब असतो. त्या काळातल्या बऱ्याचशा मरण्यांचा तुझ्या कौशल्याशी फार संबंध नसतो, शस्त्र कधी बदललंस, चिलखत कुठल्या लेव्हलचं आहे, समोरचा मॉब (शत्रू) तुझ्यापेक्षा दोन लेव्हल वर आहे का यानेच निकाल लागलेला असतो. त्यामुळे "अवघड" म्हणजे तुला बोटांची कसरत हवी असेल तर पहिले ३० लेव्हल तुझी निराशा होणार, कारण दाबायला बटणंच फार नसतात. मजा असते ती लढाईच्या आधी, कुणाला अंगावर घ्यायचं आणि कुठे उभं राहून घ्यायचं हे ठरवण्यात.

वेस्टफॉल भागाचंच उदाहरण घे, हंटरने तिथून आरामात गेला असशील (होर्ड या दुसऱ्या पक्षाचा असशील तर बॅरन्सचा भाग धर, गोष्ट तीच). लेव्हल १४ च्या आसपासचे दोन डेफियास पिलेजर एका पडक्या घराच्या कडेला उभे आहेत, दोघंही लांबून आगीचे गोळे फेकणारे. हंटर म्हणून तू काय करायचास, पेट एकावर सोडायचास, दुसऱ्याकडे बघायचंही नाहीस. वॉरिअरने चार्ज मारला, म्हणजे लांबून झेप घेऊन अंगावर गेला की ९ रेज मिळते आणि समोरचा एक सेकंद सुन्न होतो, पण रेंड या वाराला लागते १०, म्हणजे पहिला फटका बसेपर्यंत थांबणं आलंच, आणि तेवढ्यात दुसरा लांब उभा राहून भाजायला लागलेला असतो. तो जवळ येत नाही. त्याच्याकडे धावलास तर पहिला पाठीमागून लागतो. म्हणून चार्जचा मोह आवरायचा, लांबूनच धनुष्याने किंवा फेकायच्या चाकूने एकाला टोचायचं आणि लगेच घराच्या भिंतीमागे जायचं, तू दिसेनासा झालास की त्यांना स्पेल टाकता येत नाही, मग दोघंही चालत तुझ्यापाशी येतात. आता एकाला बडवायचं, पण रेज उधळायची नाही, १० रेज हॅमस्ट्रिंगसाठी बाजूला ठेवायची, कारण ही माणसं मरायला आली की पळतात आणि पळत जाऊन आणखी दोघांना घेऊन येतात. हॅमस्ट्रिंग लागलं की लंगडत पळतो, मग गाठून संपवायचा. हे नीट जमलं तर तू उरतोस पाव हेल्थवर, मग बसून खाणं. नाही जमलं तर स्मशान.

हे वाचून तुझ्या अंगात काही सळसळलं असेल तर वॉरिअर तुझाच आहे, आणि "काय कटकट आहे" असं वाटलं असेल तर पुढचं न वाचता 'रोग' (Rogue) नावाचा क्लास काढ, मनापासून सांगतोय.

आणखी एक खेळी आहे जी हंटरमधून आलेल्यांना लवकर जमते असं माझं निरीक्षण आहे. हॅमस्ट्रिंग लावायचं, फटका मारायचा, दोन पावलं मागे, शस्त्र परत फिरायची वेळ झाली की पुढे येऊन फटका, परत मागे. शस्त्र जितकं संथ तितकं हे चांगलं बसतं, साडेतीन सेकंदाला एकदा फिरणारी कुऱ्हाड असेल तर समोरच्याचे एकदोन वार सहज चुकवता येतात. तू काइटिंग, म्हणजे शत्रूला अंतरावर ठेवून मारणं, केलेलं आहेस, अंतराचा अंदाज तुझ्या हातात आहे. फक्त आपल्याकडे गोची पिंगची (सर्व्हरपर्यंत पोचायला लागणाऱ्या वेळेची), भारतात रेल्म नाही, युरोप नाहीतर ओशनियावर खेळावं लागतं, त्यामुळे स्क्रीनवर तू मागे सरकलेला दिसतोस आणि सर्व्हरच्या हिशेबाने अजून तिथेच उभा असतोस. म्हणून दोनऐवजी तीन पावलं मागे जायची सवय लाव.

खरा अवघडपणा ३० नंतर सुरू होतो आणि तो वेगळ्या जातीचा असतो. ३० ला बर्सर्कर स्टान्स (स्टान्स म्हणजे लढायचा पवित्रा) मिळतो, ३६ ला व्हर्लविंड हा वार, आणि मग स्टान्सची नाचानाच. समोरच्याने तुझा फटका चुकवला की ओव्हरपॉवर मारायची संधी मिळते, पाच सेकंदांची, पण ती बॅटल स्टान्समध्येच, आणि व्हर्लविंड फक्त बर्सर्करमध्ये. स्टान्स बदलला की सगळी रेज जाते, टॅक्टिकल मास्टरी या टॅलेंटमध्ये पाच पॉइंट टाकले तर २५ पर्यंत राहते. आणि व्हर्लविंडला लागते बरोबर २५, त्यामुळे स्टान्स कधी बदलायचा, कधी मोह सोडायचा हा हिशेब दर काही सेकंदांनी करावा लागतो. इथे तुला पाहिजे ती कसरत मिळेल. त्याच सुमाराला व्हर्लविंड अॅक्सची क्वेस्ट मिळते, ती काहीही करून कर. सायक्लोनियन नावाचा एलिट शेवटी मारावा लागतो, तो तुझ्याच्याने एकट्याने होणार नाही, गिल्डमधल्या एखाद्या ६० वाल्याला चहा पाजून न्यावं लागेल, पण ती कुऱ्हाड हातात आली की गरिबी बरीचशी संपते. ४० ला प्लेट चिलखत आणि आर्म्स या टॅलेंटच्या शाखेत गेलास तर मॉर्टल स्ट्राइक हा वार. गिल्डवाल्यांनी ४० चा आकडा उगाच सांगितलेला नाही.

आता टँकिंग, म्हणजे सगळ्यांच्या वाटचा मार अंगावर घेणं, आणि याबद्दल तू पत्रात एक अक्षर लिहिलेलं नाहीस, म्हणून मुद्दाम सांगतोय. वॉरिअर घेतलास की डेडमाइन्स या सुरुवातीच्या डंजनपासून (डंजन म्हणजे गटाने खेळायची जागा) लोक तुला टँक म्हणूनच बोलावणार, तू कितीही सांग मी डॅमेजवाला आहे म्हणून. क्लासिकमध्ये वॉरिअरला एका वेळी एकच मॉब नीट धरता येतो, लक्ष ओढणारा टाँट एकावर, चिलखत फोडणारा संडर आर्मर एकावर, त्यामुळे चार मॉब आले की टॅब दाबत दाबत प्रत्येकाला एकेक संडर देत फिरायचं आणि तेवढ्यात मेजने (जादूगाराने) सगळ्यांवर बर्फ पाडून ठेवलेला असतो आणि हीलर (बाकीच्यांना बरं करणारा) ओरडत असतो. हंटर असताना प्रकरण अंगाशी आलं की तू फेन डेथ (मेल्याचं सोंग) मारून जमिनीवर पडायचास आणि बाकीचे मरताना बघायचास (बघितलं आहेस, नाही म्हणू नकोस). टँकला पडायची सोय नाही. चुकलास तर पाच जण मरतात आणि पाचही जणांना कळतं कुणामुळे. माझ्या मते वॉरिअरचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छान अवघडपणा हा आहे आणि लेव्हलिंगचं रडगाणं गाणारे याबद्दल बोलतच नाहीत. बदल्यात ग्रुप शोधायला ताटकळावं लागत नाही, शहराच्या चॅनेलवर "टँक आहे" एवढं टाकलं की मेसेजचा पाऊस.

पण थांब, हंटर सोडण्याआधी एक विचारतो. तुझा हंटर खरंच संपलाय का? ६० ला पोचणं सोपं, त्यात वाद नाही. पण क्लासिकच्या हंटरला साधारण ५ ते ८ यार्डांच्या मधला एक पट्टा असतो जिथे ना बाण चालतो ना भाला, त्या पट्ट्यात कुणी तुला धरलं तर काय करतोस? लढाई चालू असताना सापळा लावता येत नाही, आधी फेन डेथ मारून लढाईतून बाहेर पडायचं आणि उठायच्या आत सापळा टाकायचा, हे हाताला बसलंय? आणि रोक'डेलार या धनुष्याची क्वेस्ट केलीस का? मोल्टन कोअर या रेडमधल्या (मोठ्या गटाने करायच्या मोहिमेतल्या) मेजरडोमो या बॉसच्या पेटीतून पान मिळायला लागतं आणि मग चार राक्षस एकट्याने मारायचे, कुणाची मदत चालत नाही, पेटचीही नाही. ती करून दाखवलेला हंटर आणि ऑटो शॉट लावून जेवायला जाणारा हंटर यांच्यात जमीन अस्मानाचा फरक आहे. तुझ्या पत्रावरून मला वाटतंय तुला कंटाळा हंटरचा नाही, एकट्याने लांबून खेळायचा आलाय. तसं असेल तर वॉरिअर अगदी बरोबर, कारण तो लांबून खेळताच येत नाही आणि एकट्याने खेळायला परवडत नाही. एखादा प्रीस्टवाला (बरं करणारा) मित्र गाठ आणि जोडीने वर चढा, निम्मी रडारड तिथेच संपेल.

नुसती बटणांचीच भूक असेल तर वॉरिअरपेक्षा फेरल ड्रूइडकडे, म्हणजे प्राण्याचं रूप घेऊन लढणाऱ्या क्लासकडे बघ. मांजराच्या रूपात एनर्जी संपली की रूप सोडायचं आणि लगेच परत घ्यायचं, फ्युरर टॅलेंटमुळे ४० एनर्जी आणि वुल्फ्सहेड हेल्म डोक्यावर असेल तर आणखी २०, आणि हे सगळं मॅना जाळून. त्यावर रेडसाठी नोमरेगन या डंजनमधून मॅन्युअल क्राउड पमलर नावाची गदा परत परत आणायची, कारण तिचे तीनच चार्ज असतात, संपले की नवी शोधा. आठवड्याची रेड खेळायची म्हणून आधी त्याच डंजनच्या खेपा घालणारी माणसं आहेत, आणि ती आनंदात असतात. मला झेपत नाही.

हार्डकोअरचं मात्र स्पष्ट नाही. ब्लिझर्डने ऑगस्ट २०२३ मध्ये हार्डकोअर रेल्म अधिकृतपणे सुरू केले, तिथे एकदा मेलं की कॅरेक्टर संपलं. वॉरिअरला तिथे धोका सगळ्यात जास्त, कारण लढाई बिघडली की निसटायचं साधन जवळपास नाहीच. आणि वर सांगितलेली भिंतीची, हॅमस्ट्रिंगची, शस्त्राची सगळी अक्कल मरूनच येते, मरायची परवानगी नसेल तर शिकशील कधी? साध्या रेल्मवर ४० कर, मग हौस असेल तर जा. तेव्हाही राउटरला इन्व्हर्टर लावून, पावसाळ्यात वीज गेली म्हणून मेलेला वॉरिअर परत मिळत नाही.

सुरुवात कुठून करायची तर, ह्यूमनला तलवार आणि गदेचं स्किल ५ जास्त मिळतं, ऑर्कला कुऱ्हाडीचं, यातलं एक घे. फर्स्ट एड पहिल्या दिवसापासून. तुझ्या हंटरकडे सोनं पडून असेल ना, ते नव्या कॅरेक्टरला पाठव आणि दर पाच सहा लेव्हलला लिलावातून हिरवं, म्हणजे साध्यातलं का होईना पण नवं दोन हाती शस्त्र घे, यात फसवणूक वगैरे काही नाही, लाजू नकोस. शहरातल्या वेपन मास्टरकडे १० सिल्व्हर देऊन बाकीचे प्रकारही लवकर शिकून ठेव आणि फावल्या वेळात सोप्या मॉबवर त्यांचं स्किल चढव. आणि स्वतःपेक्षा एकदोन लेव्हल खालच्या क्वेस्ट करत जा. हंटरच्या सवयीने लाल नावाच्या (तुझ्यापेक्षा बऱ्याच वरच्या लेव्हलच्या) मॉबकडे बघूही नकोस.

प्रश्न : मी फायनल फँटसी १४ चं फ्री ट्रायल खेळते, समनर आहे, लेव्हल ५२. सगळे म्हणतात समनर फार सोपा. टँक किंवा हीलर घेऊन बघावंसं वाटतं पण अनोळखी लोकांसमोर चुकायची भीती वाटते, कुणी काही बोललं तर? आणि समनरवर घातलेला वेळ फुकट जाईल का? — घाबरट समनर, पुणे

उत्तर : फुकट जायचा प्रश्नच नाही, या गेममध्ये एकाच कॅरेक्टरवर सगळे जॉब (इथे क्लासला जॉब म्हणतात) खेळता येतात, शस्त्र बदललं की जॉब बदलला. आणि तुझ्या बाबतीत तर गंमत अशी की अवघड जॉब तुझ्या खिशातच आहे. समनर आणि स्कॉलर दोघंही आर्केनिस्ट या मूळ क्लासमधून निघतात आणि दोघांची लेव्हल एकच असते, त्यामुळे लिम्सा लॉमिन्सा शहरात जाऊन स्कॉलर उघडायची क्वेस्ट केलीस की तू थेट ५२ ची हीलर.

यातला धोकाही तोच. लेव्हल ५२ ची आणि अनुभव शून्याचा, बटणांनी भरलेला बार समोर आणि कुठलं कशाला ते माहीत नाही. म्हणून लगेच ५० च्या डंजनमध्ये उडी नको. आधी ड्यूटी सपोर्ट लाव, मुख्य गोष्टीतल्या डंजनमध्ये गेमचीच पात्रं सोबतीला येतात, ती काही बोलत नाहीत, कितीही वेळा मेलीस तरी. सास्ताशा या पहिल्या डंजनपासून सुरू कर, तिथे लेव्हल आपोआप खाली येते आणि बटणंही कमी होतात. स्कॉलरसोबत असणाऱ्या परीला तिचं काम करू दे, ती बरीचशी हेल्थ सांभाळते, तू मधल्या वेळात डॅमेज करत राहा, या गेममधला चांगला हीलर नुसता हील टाकत उभा राहत नाही. हात बसला की मग माणसांसोबत जा आणि सुरुवातीलाच चॅटमध्ये टाक, "नवीन हीलर आहे". बहुतेक टँक मग कमी मॉब ओढतात. एखादा ओढेलच सगळे, तो मेला तर त्याच्या कर्माने मेला.

टँकच करायचा असेल तर मरॉडर हा क्लास घेऊन त्याचा पुढे वॉरिअर कर. नाशिकवाल्याला जो वॉरिअर घेताना घाम फुटलाय त्याच नावाचा जॉब इथे टँकमधला सगळ्यात सोप्यांपैकी एक आहे, स्वतःच स्वतःला बरं करत बसतो. ट्रायलमध्ये ७० पर्यंत पैसे न भरता आणि वेळेचं बंधन नसता खेळता येतं, तेव्हा पैसे भरायची घाई करू नकोस, दोन्ही करून बघ. मी तुझ्या जागी असतो तर स्कॉलर.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. आधी तासाभरात गेम बंद करायचा. आता म्हणतो मी अवघड कॅरेक्टर घेतलंय, टँक आहे, मध्येच उठता येत नाही, वेळ लागतोच. जेवायला दहा हाका माराव्या लागतात. हे खरं आहे का थापा मारतोय? — एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, अर्धं खरं आहे, आणि अर्ध्यात तो तुम्हाला गुंडाळतोय.

खरं ते आधी. तो डंजनमध्ये चार लोकांसोबत असेल तर गेम थांबवता येत नाही, पॉजचं बटणच नसतं, आणि टँक उठून गेला तर बाकीचे तिथेच अडकतात, कारण शत्रूचा मार अंगावर घेणारा तोच. ती चार माणसं कुठल्या तरी देशात बसलेली खरी माणसं असतात. मध्येच उठणं वाईट दिसतं हे त्याचं म्हणणं मला पटतं, उलट त्याला तेवढी जाणीव आहे हे बरंच म्हणायचं.

आता गुंडाळागुंडाळी. डंजनमध्ये शिरायचं की नाही हे तोच ठरवतो, कुणी ओढून नेत नाही. क्लासिक वॉरक्राफ्टमधलं एक मोठं डंजन तास दीड तास सहज खातं, कधी दोन, हे त्याला शिरायच्या आधी माहीत असतं. आठला सुरू केलं आणि साडेआठला ताटं घेतली तर ती अडचण कॅरेक्टरची नाही, त्याच्या घड्याळाची आहे. आणि एकट्याने क्वेस्ट करत फिरत असेल तर कधीही उठता येतं, गेममधल्या धर्मशाळेत जायचं आणि बंद करायचं, अर्ध्या मिनिटाचं काम. "टँक आहे" हे कारण तिथे लागू होत नाही.

तेव्हा "बंद कर" अशी हाक मारण्याऐवजी "ग्रुपमध्ये आहेस की एकटा?" असं विचारून बघा, तुम्हाला हे कळतं हे बघूनच तो निम्मा सरळ होईल. ग्रुपमध्ये असेल तर "कितवा बॉस?" हेही विचारा, शेवटचा असेल तर पंधरा मिनिटं द्या, पहिलाच असेल तर याचा अर्थ त्याने जेवायच्या वेळेला ग्रुप धरला, त्यावर बोला. नियम असा करा की जेवणाआधीच्या दोन तासांत नवीन डंजन नाही, एकट्याचं काय ते खेळ. आणि एक माहिती असू द्या, असं कॅरेक्टर ६० लेव्हलला न्यायला साधारण दीडशे ते अडीचशे तास लागतात, वॉरिअरला वरच्या टोकाचे. बारावीच्या परीक्षेआधी संपवतो असं तो म्हणाला असेल तर रोजचे तास मांडून त्याच्याकडूनच भागाकार करून घ्या.